माल किती, आणि कधीचा?

शुक्रवार : राजापूर, विजयदुर्ग

माझी नोकरी लोखंडाच्या खाणींवर गेली. बेंच, डंपर, ग्रेड आणि पावसाळ्यात पिटमध्ये साठणारं पाणी एवढ्यातच हयात सरली. भाची परदेशात पीएचडी करते, आणि तिचं काम म्हणजे ग्रॅनाइटबरोबर आलेल्या, मॉलिब्डेनम या धातूच्या खनिजाचं वय काढणं. ती जानेवारीत सुट्टीवर आली आणि म्हणाली, "मामा, गोव्यापर्यंत गाडीनं जाऊ. तू रस्ता दाखव, मी दगड बघते." तिच्या आईनं माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. दोघं एकत्र सुटले की जेवणाच्या वेळा पाळणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

राजापूरपर्यंत भूविज्ञान एकसुरी असतं. वर जांभा, खाली काळा कातळ. हायवे रुंद करताना डोंगर उभे कापलेत, म्हणून थर मात्र सुरेख दिसतात. एका कापात दोन लाव्ह्यांच्या मधे विटकरी लाल मातीचा पट्टा होता. बाईसाहेबांनी गाडी थांबवायला लावली. सह्याद्रीतल्या अशाच लाल थरांमध्ये झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले, आणि 2015 साली त्यांच्यावरून दख्खनच्या लाव्ह्याचं काटेकोर वय निघालं: सुमारे 6.6 कोटी वर्षं, आणि बहुतेक सगळा पसारा साडेसात लाख वर्षांत उरकलेला. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. तो आला दुसरीकडच्या ज्वालामुखीच्या राखेतून, लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या विसाव्यात.

"म्हणजे बेसाल्टचं वय बेसाल्टनं सांगितलंच नाही," मी म्हणालो.

"तेच तर माझं सगळं काम आहे. ज्याचं वय हवं त्याचं मोजायचं. शेजाऱ्याचं मोजलंस, तर शेजारी नेमका कधी राहायला आला तेही दाखवावं लागतं."

दुपारी विजयदुर्गला गेलो. किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांपाशी एक गाईड 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची आणि इथंच हेलियम सापडल्याची गोष्ट रंगवून सांगत होता. ग्रहण खरं. पण लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचीनं कोपर मारलं. शाळेची सहल ऐकत होती, आणि पोरं आकाशाकडे बघत होती. राहू दे म्हटलं.

शनिवार : कणकवली ते मालवण

खारेपाटण ओलांडून कणकवलीकडे निघालं की जमिनीचा स्वभाव बदलतो. बेसाल्टची चादर इथं विरत जाते आणि खालची जुनी मंडळी डोकं वर काढतात. कासार्ड्याकडे काचेच्या कारखान्यांना जाणारी सिलिका वाळू आहे, ती कलादगी नावाच्या जुन्या थरांमधल्या वालुकाश्मातली. कणकवलीच्या आसपास क्रोमाइटच्या, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाच्या, जुन्या खाणी आहेत. एका तालुक्यात एवढी विविधता विदर्भ सोडला तर महाराष्ट्रात क्वचित दिसेल, पण पर्यटक इथं फक्त वड्यांसाठी थांबतो. आम्हीही थांबलो. वडे-सागोती झाली, सोलकढीचा दुसरा पेला आला, आणि भाचीनं पर्समधून एक काचेची कुपी काढली.

आत करंगळीच्या नखाएवढा मॉलिब्डेनाइटचा पापुद्रा होता. रंग शिशासारखा, पण उजेडात धरला की निळसर झाक मारणारा. तिनं तो चिमट्यानं माझ्या तळव्यावर ठेवला. हाताला तुपकट लागला. नखानं वाकवला तर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ओढला तर पेन्सिलीसारखी रेघ. मग तिनं बशीच्या पांढऱ्या झिलईवर घासला, आणि तिथं त्या करड्या रेघेत हिरवट छटा उतरली. ग्रॅफाइटची रेघ काळीच राहते. खानावळीची मालकीण पाणी ठेवायला आली होती, ती बशीकडे बघत उभी राहिली.

"धुतल्यावर जायत मां ता?"

गेलं. पण तोवर आमचं शास्त्र सुरू झालं होतं, आणि मी ते माझ्या शब्दांत उतरवतो.

मॉलिब्डेनाइट म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधक. ते घडताना मॉलिब्डेनमच्या जागी थोडंसं रेनियम शिरतं, कारण दोघांची ठेवण जवळपास सारखी. ऑस्मियमला मात्र त्या रचनेत जवळपास मुळीच जागा नसते. निसर्गातल्या रेनियमपैकी 62.6 टक्के असतं रेनियम-187, आणि ते सावकाश ऑस्मियम-187 होत राहतं. सावकाश म्हणजे किती? अर्धं व्हायला सुमारे 4,160 कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिप्पट. तेव्हा आज त्या पापुद्र्यात जे ऑस्मियम-187 सापडेल ते जवळजवळ सगळं तिथंच जन्मलेलं. सुरुवातीला किती होतं याचा अंदाज बांधायची गरज नाही. दोन आकडे मोजा, भागाकार करा, वय हातात.

"आकडे केवढे?" मी विचारलं. ग्रेड, म्हणजे मालात धातू किती, हे विचारल्याशिवाय मला कुठलंही खनिज पटत नाही.

तिनं त्याच बिलावर गणित मांडलं. 14 कोटी वर्षांच्या खनिजात, उरलेल्या रेनियम-187 च्या दर हजार अणूंमागे ऑस्मियमचे सव्वादोन-अडीच. 249 कोटी वर्षांच्या खनिजात हजारामागे बेचाळीस. आणि मुळात रेनियमच सहसा दहा लाखांत काही भाग ते काहीशे भाग. जाड भिंतीच्या काचेच्या नळीत नमुना आणि आम्लराज घालायचं, नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, भट्टीत तापवायचं, मग ऑस्मियम वेगळं काढून वस्तुमानमापकावर चढवायचं. नळी फुटली तर आठवड्याची मेहनत आणि भट्टी दोन्ही गेली.

एक खोच तिनं आवर्जून सांगितली. कणाच्या आत ऑस्मियम जन्मल्या जागी राहत नाही, इकडेतिकडे सरकतं. कणाबाहेर जात नाही, पण लेझरनं एखादा ठिपका मोजलात तर वय भलतंच येतं. म्हणून मोठे पापुद्रे अख्खे दळून एकजीव करून मोजायचे. हे मला लगेच कळलं. आमच्याकडे लोखंडाच्या ढिगाचा नमुना एका कोपऱ्यातून घेणाऱ्या पोरावर मी असाच ओरडायचो.

"पण ग्रॅनाइटचं वय झिरकॉनवरून निघतंच की. युरेनियम-शिशाची पद्धत आहे, जगभर मान्य आहे. ग्रॅनाइटमध्येच माल आहे तर वेगळं कशाला मोजायचं?"

"घर कधी बांधलं आणि त्या घरात गणपती कधीपासून बसायला लागला, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत का मामा? कधी त्याच वर्षी. कधी पणजोबांनी बांधलं आणि नातवानं आणला."

बिल त्या आकड्यांसकट मालकिणीला परत दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि दुसरं बिल लिहिलं.

रविवार : मालवण

होडीनं सिंधुदुर्ग. गर्दी एवढी की तटावरून चालताना पुढच्याची चप्पल बघावी लागत होती. 1664 साली कुरटे बेटावर काम सुरू झालं, पायाच्या दगडांत शिसं ओतलं, हे होडीवाला सांगत होता. भाची माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या झिरकॉनवाल्या मित्रांना ऐकवलं पाहिजे. त्यांचा जन्म बाहेरून आलेलं शिसं वजा करण्यात जातो." झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो, म्हणून तो प्रिय. तरी भेगांतून थोडं शिसं शिरतंच.

दुपारभर झोपलो. संध्याकाळी बांगडा.

सोमवार : वेंगुर्ला, रेडी

सकाळी वेंगुर्ल्याच्या वाटेवर जांभ्याच्या एका खाणीपाशी थांबलो. चिरे पाडायचं यंत्र करवतीसारखं फिरत होतं आणि सगळा आसमंत लाल. मुकादम जवळ आला.

"काय शोधतास? सोना गावता काय ह्यात?"

"नाय ओ. दगडाचा वय काढतव."

"दगडाचा वय? आणि ता कित्याक?"

मी हसलो, पण हा माझाच प्रश्न होता. खाणीवरच्या माणसाला दोन गोष्टी लागतात: माल किती आणि किती खोल. तो 14 कोटी वर्षांचा की 22 कोटींचा, यानं डंपरच्या फेऱ्या कमी होत नाहीत. रेडीच्या बंदराकडे जाईपर्यंत मी हे तिला ऐकवत होतो. रेडीला आलो की मला चढतं जरा. इथलं लोखंड, इथली तांबडी धूळ, गणपतीचं देऊळ, सगळं ओळखीचं. तिनं ऐकून घेतलं आणि चीनची गोष्ट सांगितली.

मध्य चीनमध्ये छिनलिंग-दाबी नावाची पर्वतरांग आहे. उत्तर चीन आणि यांगत्से असे दोन भूखंड ट्रायासिक काळात, 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वी, एकमेकांवर आदळले, त्यातून ती उभी राहिली. जगातल्या मॉलिब्डेनमच्या फार मोठ्या साठ्यांपैकी कित्येक याच पट्ट्यात आहेत, आणि मॉलिब्डेनमच्या उत्पादनात चीन पहिला. नकाशा बघून कोणीही म्हणेल: टक्कर झाली, कवच वितळलं, ग्रॅनाइट आले, माल आला. मग रेनियम-ऑस्मियमची वयं येऊ लागली. ह्वांगलोंगपूचा साठा 22 कोटी वर्षांचा, तोही ग्रॅनाइटमधला नाही, कार्बोनाटाइट नावाच्या कार्बोनेटी अग्निज खडकातला. जिंद्वेछंग आणि लुआनछ्वानकडचे साठे साधारण 14 कोटी वर्षांचे. शापिंगगौ हा अवाढव्य साठा तर जेमतेम 11 कोटींचा, म्हणजे टक्कर संपून दहा कोटी वर्षं उलटल्यावरचा.

"एका पट्ट्यात, पण तीन वेगळ्या वेळा," ती म्हणाली. "पहिल्याला टक्कर जबाबदार धरता येईल. उरलेल्यांच्या वेळी पूर्वेकडून पॅसिफिकची जुनी पाटी, म्हणजे भूकवचाची प्लेट, खाली जात होती आणि भूखंडाचं बूड पातळ होत होतं. त्यात टक्करीचा वाटा किती आणि पॅसिफिकचा किती, यावर लोक अजून भांडतात. पण वयं नसती तर भांडायलाही काही नव्हतं. सगळं एका टकरीच्या खात्यावर गेलं असतं."

"आणि माझा डंपर?"

"तुला पुढची खाण शोधायची असेल तर त्या पट्ट्यातल्या शेकडो ग्रॅनाइटपैकी ड्रिल कुठे लावशील? 14 कोटीवाल्यांवर की 22 वाल्यांवर?"

ड्रिलिंगचा मीटरमागचा दर मला माहीत आहे. मी गप्प बसलो.

संध्याकाळी तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात शिरेपर्यंत तिनं बाकीची कुंडलीही मांडली. मॉलिब्डेनमच्या ग्रॅनाइटांची तीन घराणी मानतात. पहिलं क्लायमॅक्स खाणीचं, अमेरिकेत कोलोराडोतलं: कवच ताणून फाटत असताना आलेलं, सिलिका भरपूर, फ्लोरिन भरपूर, वय 3.3 ते 2.4 कोटी वर्षं. दुसरं एंडाकोचं, कॅनडातलं, जुरासिकच्या अखेरचं: समुद्राची पाटी खंडाखाली जाते त्या काठावरचं, फ्लोरिन कमी. तिसरं टकरीचं किंवा टकरीनंतरचं, दाबीकडचं. तिबेटमध्ये छुलोंगला तांबं-मॉलिब्डेनमचा मोठा साठा आहे, सुमारे 1.6 कोटी वर्षांचा. भारत आशियाला जाऊन भिडल्यावर कितीतरी काळानं तयार झालेला. ज्या भूखंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आम्ही फेरीची वाट बघत होतो, त्याच्याच उत्तरेच्या टोकानं लावलेली ही आग.

"मग कोकणातही फाट होतीच की. सेशेल्स इथूनच तुटून गेलं. क्लायमॅक्ससारखं इथं काही का नाही?"

हा प्रश्न तिला आवडला. पृथ्वीच्या कवचात मॉलिब्डेनम सरासरी टनाला ग्रॅमभर. खाण परवडायला टनाला किलोच्या आसपास पाहिजे, म्हणजे हजारपट गोळा करायला हवं. ते काम करतो तो वितळलेल्या खडकाचा रस, जो पुन्हा पुन्हा गाळला जाऊन शेवटी उरतो, सिलिकानं दाट आणि पाणी-फ्लोरिननं भरलेला. दख्खनमध्ये बेसाल्टचा पूर आला, थेट खालून, भराभर, गाळायला सवड न देता. मुंबईकडे थोडा रायोलाइट, म्हणजे सिलिकानं दाट लाव्ह्याचा दगड, आहे, पण तेवढ्यानं काय होतंय.

मंगळवार : चंद्रनाथ

पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, खाली अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा ग्रॅनाइट. पायऱ्या चढताना माझा दम लागला आणि भाची प्रत्येक उघड्या कातळाला भिंग लावत होती, तेव्हा वेग आपोआप जुळला. पुजाऱ्यांनी प्रसाद दिला आणि दगड उचलू नका असंही सांगितलं. आम्ही उचलणार नव्हतोच. देवाच्या डोंगरावर हातोडा काढायचा नाही हे मी तिला लहानपणीच शिकवलंय.

उतरताना मात्र वाद झाला. मी म्हणालो, आमच्या वेळी ग्रॅनाइटचं रासायनिक विश्लेषण करून पिअर्सच्या 1984 च्या आलेखावर ठिपका टाकला की काम संपायचं: रुबिडियम एका अक्षावर, इट्रियम आणि नायोबियम दुसऱ्यावर, ठिपका कुठल्या खणात पडला त्यावरून काठाचा, टकरीचा की फाटीचा. ती चिडलीच. तो ठिपका ग्रॅनाइट कशातून वितळला ते सांगतो, आणि जुन्या काठाचे दगड फाटीच्या काळात वितळले तर ठिपका काठाच्या खणात पडतो. आई कोण ते कळतं, जन्म कुठल्या साली ते नाही. रेनियमच्या प्रमाणावरूनही असंच एक ढोबळ अनुमान करतात: शेकडो भाग असेल तर प्रावरणाचा हात, मोजके भाग असतील तर निव्वळ कवचाचा. तिच्या मते तेही जपून वापरायचं. मला वाटतं ती जरा जास्तच कडक आहे. आलेखांनी आम्हाला विचार करायला लावलं, आणि बजेट नसलेल्या माणसाला ते अजून लागतात.

बुधवार : काणकोण

पाळोळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला पोचलो. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे, त्यांच्यावर सेल्फी घेणारी मंडळी. आम्ही दक्षिणेच्या टोकाला गेलो. लाटेनं धुतलेल्या ओल्या कातळावर फेल्डस्पारचे स्फटिक अंगठ्याएवढे. एकाकडे तिरकं बघत डोकं हलवलं तर त्याची अर्धी बाजू चकाकते आणि अर्धी मंद राहते. जरा सरकलं की उलट. जुळं स्फटिक, लांबीत मधोमध शिवलेलं. कित्येक स्फटिक एकाच दिशेला लोळलेले, रस वाहत असतानाच गोठल्यासारखे.

शॅकवाला आला. "कितें सोदतात?"

"मॉलिब्डेनम," भाची सरळ म्हणाली.

"तें आमगेर मेळना. किंगफिश मेळटा."

किंगफिश सांगितला आणि तो तळून होईपर्यंत क्वार्ट्झच्या शिरा बघितल्या. बोटभर रुंदीची एक शीर कातळ चिरत गेली होती, आणि तिच्या काठाला काहीतरी चमकलं. मी गुडघ्यावर बसलो. काळपट, पापुद्र्यापापुद्र्याचं. या वयातही छातीत धडधडतं, खोटं कशाला बोलू. नखानं पापुद्रा वाकवून सोडला, आणि तो टचकन परत सरळ झाला. अभ्रक. मॉलिब्डेनाइट वाकलेला राहतो, अभ्रक उसळी घेतो.

"असेल का पण?" मी विचारलं. "मलांजखंड 249 कोटींचं, आणि हा त्याच्याच पिढीतला."

मलांजखंड म्हणजे मध्य प्रदेशातली, बालाघाट जिल्ह्यातली तांब्याची खाण, गोंदियापासून फार लांब नाही. तिथं तांब्याबरोबर मॉलिब्डेनाइट आहे. त्याचं रेनियम-ऑस्मियम वय 249 कोटी वर्षं आलं, ते 2004 साली प्रसिद्ध झालं, आणि यजमान ग्रॅनाइटच्या झिरकॉनशी जुळलं. त्यावरून काहींनी तो आर्कियन या अतिप्राचीन कालखंडाच्या अखेरीचा, पाटी खाली जाणाऱ्या काठावरचा पॉर्फिरी साठा, म्हणजे ग्रॅनाइटी रसाच्या माथ्याशी घडलेला, ठरवला. काहींना तो पॉर्फिरी वाटतच नाही. वयावर भांडण कमी, वंशावळीवर जास्त.

"पिढी एक असली तरी गाव वेगळं," ती म्हणाली. "तो बस्तरच्या भूखंडाचा, हा धारवाडचा. कर्नाटकातला क्लोजपेटचा ग्रॅनाइट 251 कोटींचा आहे, चित्रदुर्गचा 261 चा. वय जवळ आलं म्हणून माल येत नाही. आणि हे स्फटिक बघ. एवढे मोठे, आणि भोवतीचं सगळं भरडच. हा रस खोलवर सावकाश गोठलाय."

पुढचं मी स्वतःच पुरं केलं. असे साठे जमिनीखाली एक ते पाच किलोमीटरवर, ग्रॅनाइटच्या माथ्याशी घडतात. जो ग्रॅनाइट आज आपल्या पायाखाली एवढा भरड दिसतो, त्याचा माथा केव्हाच झिजून गेलेला. म्हणूनच जगातले बहुतेक पॉर्फिरी साठे तरुण आहेत: जुनेही घडले असतील, पण डोंगर उचलले गेले आणि पावसानं ते नेले. मलांजखंडसारखा एखादा कवचात दबून राहिला म्हणून वाचला.

"म्हणजे इथला माल, असलाच तर, गेला."

"बहुतेक. शिरा कोणीतरी नीट तपासायला हव्यात, मगच नाही म्हणायचं."

किंगफिश थंड झाला होता. तो खातानाच मी नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, त्याची मलांजखंडकडे ओळख आहे. तो म्हणाला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या, नंतर पिटमध्ये उभं राहवत नाही. तिच्या विद्यापीठाचं पत्र आधी पाठवा, परवानगीला वेळ लागतो, आणि सेफ्टी बूट आपले आपण आणा. भाचीनं तिथंच वाळूत बसून पीएचडीच्या गाईडला ईमेल लिहायला घेतला. मी मडगावच्या दिशेनं निघायची घाई करत होतो, कारण तिच्या आईचा फोन येऊन गेला होता.